रापणीवर बैठा खेळ तयार करायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

प्रश्न
किनारी_मास्तर (मालवण तालुका)

नमस्कार. मी मालवण तालुक्यातल्या एका किनारी गावात माध्यमिक शाळेत शिकवतो. गणेशोत्सवाच्या सुट्टीत मुलांसाठी आणि मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांसाठी वाचनालयातर्फे काहीतरी नवे करावे असे ठरले, तेव्हा आपल्याच किनाऱ्यावरचा एक बैठा खेळ तयार करण्याची कल्पना मी मांडली. विषय रापणीचा आहे. ज्यांनी रापण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लांबलचक जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळे सोडत जाते, दुसरा दोर घेऊन किनाऱ्याला लागते, आणि मग दोन्ही बाजूंनी अनेक माणसे मिळून जाळे ओढतात. एकट्यादुकट्याचे ते काम नव्हे, आणि म्हणूनच मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. माझ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या आजोबांनी रापण ओढलेली आहे, पण त्या दोराला हात लावलेली नातवंडे फार थोडी आहेत. हा खेळ मला त्यांच्यासाठी हवा आहे.

आजवर एक वहीभर नियम लिहून झाले आहेत. वेंगुर्ल्यापासून हर्णैपर्यंतच्या बंदरांचा पट आहे, बांगडा, तारली, सुरमई, सरंगा आणि मोरी यांची पाने आहेत, भरती-ओहोटी आहे, वादळ आहे, डिझेलचा आणि बर्फाचा खर्च आहे, लिलाव आहे, पावसाळी बंदीही आहे. या सगळ्याच्या मुळाशी एक साधी कल्पना आहे. चार खेळाडू असतात. प्रत्येक फेरीत प्रत्येकाने गुपचूप ठरवायचे, की सगळ्यांबरोबर रापण ओढायची की बाजूला होऊन स्वतःचे पाग, म्हणजे एकट्याने फेकायचे लहान जाळे, टाकायचे. पाग टाकले तर त्या फेरीत हाती आलेल्या पानावर असतील तितक्या, म्हणजे १ ते ६ टोपल्या मासळी मिळते. रापणीला तिघे किंवा चौघे असतील तर ओढणाऱ्या प्रत्येकाला ४ टोपल्या, दोघेच असतील तर प्रत्येकी १, आणि एकटाच असेल तर काहीच नाही.

मी जितके अधिक लिहितो आहे, तितका खेळ पूर्ण होण्यापासून दूर जातो आहे असे वाटते. जाणकारांना विचारायचे ते असे: सुरुवात गोष्टीपासून करावी, पटापासून की नियमांपासून? त्यासाठी चित्रकला किंवा प्रोग्रामिंग शिकणे आवश्यक आहे का? छपाईवर पैसे घालण्याआधी खेळ चांगला झाला आहे की नाही हे कसे ओळखावे? आणि कल्पना कुणी उचलली तर काय करावे?

---

उत्तर १
दशावतारी_पाने (सावंतवाडी)

मास्तर, आपल्या मजकुरातला सर्वांत महत्त्वाचा भाग बंदरांच्या यादीत नाही. तो ‘गुपचूप ठरवायचे’ या दोन शब्दांत आहे. सापशिडी आठवून पाहा. तिथे फासा पडतो, सोंगटी सरकते, आणि खेळणाऱ्याने काहीही ठरवलेले नसते. लहान मुलांना ती आवडते, पण थोडी मोठी झालेली मुले ती आपणहून सोडून देतात, कारण जिंकण्यात आपला हात नव्हता हे त्यांना कळू लागलेले असते. आपल्या खेळात ठरवण्याजोगी एक खरी गोष्ट आहे, आणि ती रापणीच्या स्वभावातूनच आलेली आहे. म्हणून माझा सल्ला असा की ती एक गोष्ट वहीतून बाहेर काढावी आणि बाकीची वही सध्या कपाटात ठेवावी. पट नको, बंदरे नकोत, डिझेल नको, वादळही नको.

मग आज संध्याकाळीच खेळ मांडून बघा. जुन्या लग्नपत्रिका घरात असतीलच. त्यांचा जाड कागद कापून प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या द्या, एकीवर ‘रापण’ आणि दुसरीवर ‘पाग’ असे लिहा. टोपल्यांच्या जागी चिंचोके चालतील. १ ते ६ ची पाने पिसत बसण्यापेक्षा प्रत्येकाला एक फासा आणि एक करवंटी द्या: करवंटीखाली फासा हलवायचा, कड उचलून आपल्यापुरता पाहायचा, आणि मग चिठ्ठी पालथी ठेवायची. चौघांच्या चिठ्ठ्या एकाच वेळी उलटल्या की फेरी संपली. चित्रकलेची आणि प्रोग्रामिंगची या टप्प्यावर काहीही गरज नाही. उलट सुंदर रंगवलेले पान फाडून टाकायला जीव धजत नाही, आणि सुरुवातीच्या काळात पाने सारखी फाडावीच लागतात.

थोड्या नियमांतून किती खोली येते याचा दाखला आमच्या गावातच आहे. दशावतारी गंजिफाचा संच १२० पानांचा असतो: दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पाने. तिघे खेळायला बसले की प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात. त्यात एकच वेगळी मेख मारलेली आहे. पाच अवतारांमध्ये राजा आणि प्रधानानंतर दश्शी मोठी, आणि उरलेल्या पाच अवतारांमध्ये एक्का मोठा. एवढ्या एका उलटापालटीने हातातल्या प्रत्येक पानाची किंमत नव्याने तोलावी लागते. शिवाय खेळाची सुरुवात दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल तो करतो आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल तो. नियम छोटासा, पण बाहेरचा सूर्य त्याने खेळात आणून बसवला आहे.

मात्र याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. नव्या माणसाला गंजिफा शिकताना जड जाते ते नेमके त्या उलट्या क्रमापाशी. प्रत्येक नियम खेळणाऱ्याच्या स्मरणशक्तीतून काहीतरी मागून घेतो. गणपतीच्या घरात खेळणारे सारखे बदलतात, एक जण आरतीला उठतो आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसतो, त्यामुळे आपला खेळ उभ्या उभ्या समजावता आला पाहिजे. मेंढीकोट जवळपास प्रत्येकाला येतो; त्याच्यापेक्षा अवघड वाटेल असे काही त्या गर्दीत टिकणार नाही.

खेळ चांगला झाला आहे की नाही हे ओळखण्याचा मार्ग एकच: नियम एकदा सांगा, वही घेऊन बाजूला बसा आणि तोंड उघडू नका. कोण कुठे अडतो, कोणता प्रश्न दोघांनी विचारला, चिठ्ठी ठेवताना हात कुठे थांबतो, कोण फेरी चालू असताना भ्रमणध्वनी काढतो, हे लिहून ठेवा. ‘खेळ कसा वाटला’ असे विचारले तर आपल्या गावची माणसे मास्तरांना ‘छान’ असेच म्हणतील. ‘शेवटच्या फेरीत तुम्ही रापण का सोडलीत’ असे विचारले तर खरे उत्तर मिळेल. बदल करताना एका वेळी एकच करावा. दोन केले तर कशाने काय झाले ते समजत नाही.

---

उत्तर २
शक्यता_आणि_कवड्या (रत्नागिरी)

वरच्या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात भर म्हणून आपल्या आकड्यांकडे जरा जवळून पाहू या, कारण कल्पना उत्तम असली तरी सध्याच्या आकड्यांत ती तग धरणार नाही, आणि हे खेळायला बसण्याआधीच कागदावर दिसते.

समजा चौघांनी मनाशी असे धरले आहे की फाशावर ५ किंवा ६ आले तरच रापण सोडायची. एका खेळाडूला ५ किंवा ६ पडण्याची शक्यता एक तृतीयांश. रापण फसायला किमान दोघांनी ती सोडावी लागते, आणि तसे होण्याची शक्यता ८१ पैकी ३३, म्हणजे सुमारे ४१ टक्के निघते. आता ज्याला ४ पडले आहेत त्याच्या जागी बसून विचार करा. पाग टाकले तर ४ टोपल्या नक्की. रापण ओढली तर उरलेल्या तिघांपैकी किमान दोघे सोबत असण्याची शक्यता २७ पैकी २०, तेव्हा त्याला ४ टोपल्या. एकच जण सोबत असण्याची शक्यता २७ पैकी ६, तेव्हा १ टोपली. आणि तो एकटाच असण्याची शक्यता २७ पैकी १, तेव्हा काहीच नाही. या सगळ्याची सरासरी सुमारे ३.२ टोपल्या येते. म्हणजे ४ पडलेल्यानेही रापण सोडणेच फायद्याचे.

पण चौघेही ४ वर सोडू लागले की हिशेब पुन्हा बदलतो. ज्याला ३ पडले आहेत त्याची रापणीची सरासरी सुमारे २.४ वर येते, म्हणून तोही सोडतो. मग २ वाल्याची सरासरी दीडवर येते आणि तोही निघतो. शेवटी १ पडलेल्यालाही एकट्याने दोर धरण्यात अर्थ उरत नाही. हिशेबी माणसे बसली तर काही फेऱ्यांतच किनाऱ्यावर दोराला कुणीही राहणार नाही, आणि खेळ ‘करवंटीखाली पाहा आणि टोपल्या घ्या’ इतकाच उरेल. याचे कारण असे की रापणीत चौथ्या माणसाच्या येण्याने कुणाचेच काही वाढत नाही. तीन असले काय आणि चार असले काय, प्रत्येकी ४ च.

यावर माझी सूचना अशी: चौघे ओढत असतील तर प्रत्येकी ६ टोपल्या, तिघे असतील तर प्रत्येकी ५, दोघे असतील तर पूर्वीप्रमाणे १, आणि एकट्याला काही नाही. पाग टाकणाऱ्याचे आकडे तसेच ठेवा. आता काय होते ते पाहा. सगळे ५ आणि ६ वर सोडत असतील तर ४ वाल्याची रापणीची सरासरी ४.२ च्या आसपास येते, म्हणून तो थांबतो. ५ वाला मात्र निघून जातो. घसरण तिथेच अडते. पण सगळे फक्त ६ वरच सोडत असतील तर ५ वाल्याची सरासरी सुमारे ५.३ होते आणि तोही दोर सोडत नाही. म्हणजे एकाच नियमावलीत दोन वेगवेगळ्या रीती टिकू शकतात. पहिल्या रीतीत दहापैकी चार फेऱ्यांत रापण फसते, दुसऱ्या रीतीत फसण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर येते. कोणती रीत चालेल हे फासा ठरवत नाही. बसलेल्या चौघांचा एकमेकांवर किती विश्वास आहे यावर ते ठरते. मला वाटते, मास्तरांना मुलांना जे दाखवायचे आहे ते नेमके हेच आहे, आणि ते दोन आकडे बदलल्याने खेळात आले.

हे सगळे गणित हाताने करण्याची सक्ती नाही. संगणकावरच्या साध्या कोष्टकात यादृच्छिक आकडे घेऊन हजारभर फेऱ्या चालवल्या तरी हेच चित्र दिसेल, आणि शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांकडून ते करून घेतले तर संभाव्यतेचा धडा त्यांना पुस्तकाबाहेर भेटेल.

फाशांऐवजी कवड्या किंवा अर्धे केलेले चिंचोके वापरण्याचा मोह अनेकांना होतो, आणि आपल्याकडे चल्लस आठ खेळलेल्यांना तो होणे स्वाभाविक आहे. वापरायला हरकत नाही, पण त्यांचे दान फाशासारखे सपाट नसते हे लक्षात ठेवावे. दोन्ही बाजूंनी सारखे पडतात असे धरले तर चार चिंचोक्यांच्या १६ शक्यतांपैकी दोन उताणे पडण्याच्या ६ आहेत आणि चारही उताणे पडण्याची फक्त १. वरचा हिशेब एका फाशासाठी आहे. साधन बदलले तर तो पुन्हा मांडावा लागेल.

एक शेवटचा मुद्दा. मी टोपल्यांची सरासरी मोजली आहे. सर्वाधिक टोपल्या असणारा एकटा जिंकतो असा नियम ठेवलात तर दुसऱ्याचे नुकसान हाही फायदा ठरतो, आणि पुढे असलेल्याला खाली खेचण्यासाठी लोक मुद्दाम रापण सोडू लागतात. सुरुवातीला तसे खेळून पाहावे. फारच कडवटपणा आला तर चौघांच्या मिळून अमुक टोपल्या झाल्या नाहीत तर कुणीच जिंकत नाही, अशी एक अट घालता येईल.

---

उत्तर ३
दोरावरचा (देवबाग परिसर)

आमच्या घरात रापण पिढीजात आहे, म्हणून खेळाच्या अंगाने नव्हे तर रापणीच्या अंगाने लिहितो.

मास्तर, ‘गुपचूप ठरवायचे’ हे खेळापुरते ठीक आहे, परंतु किनाऱ्यावर कोण दोराला आहे आणि कोण नाही हे सगळ्या वाडीला दिसत असते, आणि ते दुसऱ्या दिवशीही आठवते. आज न आलेल्या माणसाला उद्या कुणी हाक मारत नाही असे नाही, पण बोलून दाखवले जातेच. म्हणून चिठ्ठ्या उलटल्यावर त्या पुन्हा हातात घेऊ देऊ नयेत. प्रत्येकाने केलेली निवड त्याच्यासमोर उघडी, ओळीने, खेळ संपेपर्यंत राहावी. त्यासाठी प्रत्येकाला जास्त चिठ्ठ्या लागतील इतकेच. कोणाची ओळ कशी आहे ते पाहून पुढच्या फेरीत त्याच्यावर किती विसंबायचे हे बाकीचे आपोआप ठरवतील. आणि चिठ्ठी ठेवण्याआधी बोलू द्यावे. रापणीवर तोंड मिटून काम करणारा माणूस मी पाहिलेला नाही. आवाज देत, लय धरत जाळे ओढले जाते. खेळात कुणी ‘मी येतो’ म्हणून आला नाही, तर तेही ओळीत दिसेलच.

वाटे करताना जाळ्याचा आणि होडीचाही वाटा धरतात. पद्धत संघागणिक वेगळी असते. मासळी केवळ ओढणाऱ्यांचीच असे नसते, हे मुलांना कळणे मला महत्त्वाचे वाटते. जाळे फाटले तर ते विणायला सगळ्यांना बसावे लागते. आणि दोराला थोडा वेळ हात लावणाऱ्या वाटसरूलाही कालवणापुरती मासळी मिळते. वरचे दोघे म्हणतात त्याप्रमाणे हे सारे आत्ताच नियमांत कोंबू नये. पण पहिला खेळ बसल्यानंतर एखादी भर घालायची झाली, तर वादळापेक्षा किंवा डिझेलपेक्षा जाळ्याच्या वाट्यापासून सुरुवात करावी. रापणीला डिझेल लागत नाही. तो खर्च मोठ्या यांत्रिक नौकांचा, त्यांचा खेळ वेगळा होईल.

दुसरी भर सुचवतो ती तांडेलाची, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याची. पक्षी कुठे झेपावतात, पाण्याचा रंग कुठे गडद झाला आहे, यावरून मासळीचा थवा आला हे जुना माणूस किनाऱ्यावरून सांगतो आणि त्याच्या शब्दावर होडी सुटते. फेरीगणिक एकाला तांडेल करून त्याला थोडे जास्त दिसेल असे काही करता आले, तर आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना तो खेळ आपला वाटेल.

पटावर सगळी बंदरे मांडण्याचा विचार सोडून द्यावा असे मलाही वाटते. हर्णैचा किनाऱ्यावरचा लिलाव हा स्वतंत्र खेळाचा विषय आहे. रापण एका किनाऱ्याची असते.

---

किनारी_मास्तर (मालवण तालुका)

तिघांचेही मनापासून आभार. वही कपाटात गेली. करवंट्या, फासे आणि चिंचोके घेऊन आठवीच्या चार मुलांना वाचनालयाच्या पडवीत बसवले, नवे आकडे घेतले, चिठ्ठ्या उघड्या ओळीत ठेवल्या आणि बोलण्याची मुभा दिली. खेळ दहा फेऱ्यांचा ठेवला होता.

जे दिसले ते लिहितो. पहिल्या काही फेऱ्यांत मुले केवळ फाशाकडे पाहत होती. एका मुलीने सलग रापण धरून ठेवली, आणि तिच्यासमोरची ‘रापण, रापण, रापण’ अशी ओळ पाहून शेजारचा मुलगा ५ पडले असतानाही थांबला, हे त्याने नंतर करवंटी उचलून दाखवले. त्यानंतर सगळ्यांचे लक्ष ओळींवर गेले. ‘तू मागच्या वेळी पण येतो म्हणालेलास’ हे वाक्य मी वहीत शब्दशः उतरवले आहे.

मात्र दहाव्या फेरीत चौघांनीही एकदम पाग टाकले. ३ पडलेल्यानेसुद्धा. कारण विचारले तर उत्तर मिळाले, ‘आता पुढे कोण विचारणार?’ यावर उपाय काय? आणि छपाई, मोबाईल, कल्पनेचे संरक्षण याबद्दलही कुणी सांगावे.

---

शक्यता_आणि_कवड्या (रत्नागिरी)

मुलांनी अगदी बरोबर खेळ केला. शेवटची फेरी कोणती हे सगळ्यांना ठाऊक असेल तर त्या फेरीत दिलेल्या शब्दाला काही किंमत उरत नाही. म्हणून शेवट कधी येणार हे अनिश्चित करा, आणि त्यासाठी आपल्याकडे पाऊस आहे. यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी तारखेने ठरलेली असते. बिगरयांत्रिक पारंपरिक नौकांना ती लागू नाही, पण समुद्र खवळला की रापण आपोआप थांबते, आणि तो दिवस पंचांगात छापलेला नसतो.

बारा पानांची एक गड्डी करा: अकरा कोरी आणि एकावर ‘पाऊस’. पावसाचे पान तीन कोऱ्या पानांत पिसून ती चार पाने तळाशी ठेवा आणि उरलेली आठ वर. प्रत्येक फेरीच्या आधी एक पान उचलायचे. पाऊस निघाला की खेळ तिथेच थांबला, पुढची फेरी नाही. म्हणजे पहिल्या आठ फेऱ्या निश्चित, आणि त्यानंतर खेळ आठ, नऊ, दहा किंवा अकरा फेऱ्यांवर संपण्याची शक्यता सारखीच. आठ फेऱ्या झाल्यावर पुढचे पान पावसाचे असण्याची शक्यता एक चतुर्थांश असते, मग एक तृतीयांश, मग निम्मी. पाऊस जवळ येतो आहे हे चौघांनाही जाणवत राहते, पण नेमका दिवस कुणाच्या हाती नसतो. तीनही कोरी पाने आधी निघाली तर मात्र पाऊस पुढे आहे हे उघड होईल. तेव्हा अकरावी फेरी शेवटची ठरते आणि दहावीचे दृश्य पुन्हा दिसू शकते. तसे चारातून एकदाच होईल. ते खुपले तर गड्डीत दोन कोरी पाने आणखी तळाशी घालून बघा.

---

उत्तर ४
खिळे_आणि_शाई (चिपळूण)

छपाईचा व्यवसाय आहे, म्हणून उरलेल्या प्रश्नांचे बघतो.

कल्पनेच्या संरक्षणाबद्दल: खेळ खेळण्याची रीत हा भारतात पेटंटचा विषय होत नाही, १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये ती स्पष्टपणे वगळलेली आहे. आपण लिहिलेल्या नियमपत्रकाचा मजकूर आणि काढलेली चित्रे यांना कॉपीराइट मिळतो, आणि खेळाच्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करता येते. इतर देशांत कायदे वेगळे राहिले आहेत: अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी यांना जमीनदारीवरच्या आपल्या खेळासाठी १९०४ साली पेटंट मिळाले होते, आणि त्याच खेळातून पुढे ‘मोनोपॉली’ घडला, जो आपल्याकडे ‘व्यापार’ या रूपात घरोघरी पोहोचला. पेटंट असूनही त्या खेळाचा पैसा आणि नाव बराच काळ दुसऱ्यांकडेच गेले. गावच्या वाचनालयाच्या खेळासाठी मी एवढेच सुचवेन की नियमपत्रकावर वाचनालयाचे नाव आणि साल छापावे, आणि खेळ जितक्या जणांना दाखवता येईल तितक्यांना दाखवावा. लपवून ठेवलेल्या खेळाची चाचणी होत नाही.

मोबाईलचा विचार आत्ता करू नये. करवंटीखाली डोकावणे, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून ‘येतो’ म्हणणे आणि चिठ्ठ्या एकदम उलटणे यांत या खेळाचा जीव आहे, तो पडद्यावर जाईल असे मला वाटत नाही. तरीही शाळेतल्या एखाद्या मुलाला हौस असेल तर गोडो हे खेळ बनवण्याचे, फुकट मिळणारे साधन संगणकावर उतरवून घेता येते.

छपाईचे म्हणाल तर गणपतीपर्यंत फक्त चिठ्ठ्या, पावसाची गड्डी आणि एक पानी नियमपत्रक छापावे. चिठ्ठ्यांसाठी ३०० जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, कागद पुरेसा आहे. आपल्या हवेत त्याहून पातळ कागद ऐन श्रावण-भाद्रपदात मऊ पडून कडेने वळतो. वरून मॅट लॅमिनेशन करून घ्या, चकचकीत नको, कारण कंदिलाच्या किंवा ट्यूबलाइटच्या उजेडात चकाकीमुळे अक्षरे दिसत नाहीत आणि ओलसर हातांना पाने चिकटतात. पत्त्यांचा नेहमीचा आकार ६३ बाय ८८ मिलिमीटर असतो, पण चौघांच्या दहा-अकरा चिठ्ठ्यांच्या ओळी एका चटईवर मावायच्या असतील तर त्याच्या निम्मा आकार घ्यावा. पाठीमागची बाजू सर्वांची तंतोतंत सारखी हवी. कापताना अर्धा मिलिमीटर जरी फरक पडला तरी हुशार मूल पालथी चिठ्ठी ओळखते, त्यामुळे मागे कडेपर्यंत नक्षी न घेता सपाट एकच रंग घ्यावा. ‘रापण’ आणि ‘पाग’ ही अक्षरे मोठी असावीत आणि सोबत एकेक साधे रेखाचित्र असावे, म्हणजे वाचता न येणाऱ्या लहानग्यालाही बसता येईल.

फासे आणि करवंट्या मात्र छापखान्यात मिळणार नाहीत. करवंट्या काचेने खरवडून, कड घासून, आतून एकदा खोबरेल लावून ठेवल्या तर चटईवर टेकताना फाशाचा आवाज गोल येतो आणि कड उचलताना बोटाला लागत नाही. पहिल्या वीस संचांसाठी मुलांकडूनच त्या करून घ्याव्यात, आणि नियमपत्रकाचा मजकूर अंतिम करण्याआधी ज्या चौघांना खेळ ठाऊक नाही अशांच्या हाती केवळ ते पत्रक देऊन, कुणीही काही न सांगता, त्यांना खेळ सुरू करता येतो का ते पाहावे. त्यानंतर फाइल माझ्याकडे पाठवा.